पहिल्यांदा वावर हाती घेणाऱ्या धाकट्या भावाला

गड्या, यंदा घरचा कारभार तुझ्या हाती आला, म्हणून सांगतो. मृगाची पहिली सर पडली, शेजाऱ्यानं सरकी टोबली, की जीव उतावीळ होतो. तू थांब. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नको. तुझ्या वयात मी घाई केली, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. आईनं तासातली माती उकरून करपलेला कोंब तळहातावर धरला. बोलली काहीच नाही. दुबार पेरणीसाठी घरी लपवून सावकाराकडून पैसे काढले, तिथंच माझं खरं चुकलं. तू बँकेचं पीककर्ज घे. वेळेत फेडलं की 3 लाखांपर्यंत व्याजात सवलत मिळते. आणि कर्जाचा आकडा रात्री जेवताना घरात सांगत जा. बाबा रागावतील. रागावू दे.