विज्ञानपेटी आली, पुढे काय?

प्रश्न: आंबेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान आणि गणित मीच शिकवते. मागं एका कंपनीनं विज्ञानपेटी दिली. फोटो झाले, मंडळी गेली. पेटी जडसंग्रह नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या यादीत) चढली आणि कपाटात गेली, कारण काही फुटलं तर भरून कोण देणार? आता दुसरी एक संस्था परिसरातल्या शाळांशी भागीदारी करू म्हणते. हो म्हणावं का?
– एक शिक्षिका

उत्तर: ताई, जरूर हो म्हणा. पण आधी त्यांना विचारा, 'पुढच्या महिन्यात कधी येणार? आणि त्याच्या पुढच्या?' यावर कोण कसं बोलतं, त्यावरून बरंच कळतं.

हे मी होशंगाबादच्या भरवशावर सांगतो. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात १६ माध्यमिक, म्हणजे सहावी ते आठवीच्या, शाळांतून प्रयोगांवर आधारलेलं विज्ञान सुरू झालं. रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर आणि किशोर भारती या दोन संस्था, राज्य सरकार, दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ असे सगळे त्यात होते. १९७८मध्ये ते जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत पोहोचलं. पेट्या तिथंही होत्याच. पण त्यांच्याबरोबर शिक्षकांच्या मासिक बैठका होत्या, फुटलेलं-संपलेलं सामान पुन्हा भरायची सोय होती, आणि परीक्षा पुस्तक उघडं ठेवून द्यायची होती, प्रयोगासकट. मुलं 'सवालीराम' या नावानं प्रश्न लिहून पाठवत आणि त्यांना उत्तरं येत. सरकारनं २००२ साली हा कार्यक्रम बंद केला, याची हळहळ मला आजही वाटते.

पुण्यात टेल्कोत (आताची टाटा मोटर्स) इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता १९७८मध्ये होशंगाबादच्या या कामात गेले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या एवढ्यावर त्यांनी भूमिती उभी केली. तुम्ही उद्याच करून बघा. ट्यूबच्या तुकड्यांनी कोपरे जोडून चार काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर बोट दाबा, तो तिरका होऊन पडतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. मग मुलांना बाहेर नेऊन पत्र्याच्या शेडची कैची, म्हणजे छत पेलणारा सांगाडा, दाखवा आणि त्रिकोण मोजायला लावा. या प्रयोगाची नोंद कुठल्याही नोंदवहीत करावी लागत नाही!

तुमच्या शेजारच्या शिरूर तालुक्यात, पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात: वेल्डिंग, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया. शिकवायला गावातलेच कारागीर. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं, कारण बाहेरचा माणूस आज ना उद्या परत जातो, गावातला वेल्डर कुठं जात नाही.

आता तुमचं. एकट्या शाळेनं करार करू नका. आसपासच्या शाळांचं केंद्र सांभाळणाऱ्या केंद्रप्रमुखांना भेटा आणि केंद्रातल्या सगळ्या शाळा मिळून बोला. केंद्रातल्या शिक्षकांच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एक तास मागून घ्या आणि त्या तासात प्रत्येक शिक्षकानं एक प्रयोग स्वतःच्या हातानं करायचा, भाषण नको. संस्थेला सांगा, त्या तासाला तुमचा माणूस पाठवा. पैसे द्यायचेच असतील तर संपणाऱ्या सामानाला आणि मुलांच्या गाडीभाड्याला द्या. फुटतुटीची जबाबदारी शिक्षकावर येणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. ते झालं की कपाट आपोआप उघडं राहील. जवळच्या विज्ञान महाविद्यालयालाही पत्र लिहा. उच्च शिक्षण संस्थांनी शाळांना हात द्यावा, हे २०१५च्या राष्ट्रीय आविष्कार अभियानातच आहे, त्याचा उल्लेख करायला संकोच नको.

आणि जुन्नर तालुक्यातलं खोडद विसरू नका. तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, एकेक ४५ मीटर व्यासाची. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन भरतं, त्यात शाळांची मुलंही आपले प्रकल्प मांडतात. तुमच्या मुलांना नुसतं बघायला नेऊ नका, त्यांचंही टेबल तिथं लागायला हवं. तयारी दिवाळीच्या सुट्टीआधीच सुरू करा, आणि अडलं तर मला पुन्हा लिहा.