शार्ल फुरिए ‘स्वप्नाळू’ होता का? ‘युटोपियन’ या विशेषणाविषयी

प्रश्न असा आहे: शार्ल फुरिए या फ्रेंच विचारवंताची मराठीत ओळख करून देताना त्याला ‘युटोपियन समाजवादी’ म्हणावे, की ‘स्वप्नाळू’, ‘कल्पनारम्य’, ‘आदर्शवादी’ यांपैकी एखादे मराठी विशेषण वापरावे? माझ्या मते यांतले ‘स्वप्नाळू’ सर्वांत रूढ आहे आणि फुरिएच्या बाबतीत सर्वांत चुकीचेही तेच आहे.

मराठीत ‘आळू’ हा प्रत्यय माणसाचा स्वभाव सांगतो. झोपाळू, लाजाळू, दयाळू, विसराळू हे शब्द पाहिले की ते लगेच ध्यानात येते. ‘स्वप्नाळू समाजवाद’ म्हटल्यावर एका विचारपद्धतीला आपण नकळत स्वभाव चिकटवतो, आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर खिडकीशी बसून आभाळाकडे पाहणारा एखादा कवी उभा राहतो. मूळ शब्दात मात्र स्वभावाचा काही संबंध नाही. इंग्रज लेखक टॉमस मोरने १५१६ मध्ये आपल्या पुस्तकातील बेटाला ‘युटोपिया’ हे नाव दिले ते ग्रीक शब्दांवरून, आणि त्याचा अर्थ ‘कुठेही नसलेली जागा’ असा होतो. समाजवादाला हे विशेषण प्रामुख्याने चिकटवले ते मार्क्स आणि एंगेल्स यांनी: १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात त्यांनी सॅं-सिमों हा फ्रेंच विचारवंत, फुरिए आणि रॉबर्ट ओवेन हा ब्रिटिश सुधारक यांना एका गटात बसवले, आणि पुढे एंगेल्सने युटोपियन विरुद्ध शास्त्रीय अशी जोडीच रूढ केली. या मंडळींना समाजाचे दोष दिसले, पण बदल घडवणारी ऐतिहासिक शक्ती सापडली नाही, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे ‘युटोपियन’ हे या तिघांचे वर्णन नसून त्यांच्यावर दिलेला निकाल आहे, तोही पुढच्या पिढीने दिलेला.

फुरिएचे आयुष्य पाहिले तर ‘स्वप्नाळू’ का खटकते ते कळेल. त्याचा जन्म १७७२ मध्ये बझांसॉं येथे कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. वडिलांकडून मिळालेली रक्कम त्याने मालात गुंतवली, आणि फ्रेंच क्रांतीच्या काळात १७९३ मध्ये लिआँ शहराला पडलेल्या वेढ्यात ती बुडाली. काही काळ तुरुंगवासही घडला. त्यानंतरचे बहुतेक आयुष्य फिरता विक्रेता, पेढीवरचा कारकून, बिनपरवाना दलाल अशी कामे करण्यात गेले. व्यापाराबद्दलचा त्याचा संताप ग्रंथांतून आलेला नव्हता. १७९९ मध्ये मार्सेय येथे, भाव चढावा म्हणून टंचाईच्या काळात दडवून ठेवलेला आणि शेवटी सडलेला तांदूळ समुद्रात टाकून देण्याच्या कामावर त्याला देखरेख करावी लागली होती. साठेबाजी म्हणजे काय हे त्याला पेढीच्या आतून ठाऊक होते.

त्याने सुचवलेला उपायही हिशेबनिसाचाच आहे. १८०८ मध्ये ‘चार गतींचा सिद्धांत’ मांडताना त्याने दावा केला की न्यूटनने जड वस्तूंमधले आकर्षण शोधले, तर आपण मानवी वासनांमधले शोधले आहे. या मूळ वासना बारा. त्यांच्या मिश्रणातून ८१० प्रकारचे स्वभाव. प्रत्येक स्वभावाचा एक पुरुष आणि एक स्त्री, म्हणून आदर्श वसाहतीत १६२० माणसे. या समूहाला त्याने ‘फालांज’ म्हटले, आणि त्यांच्या निवासाला ‘फालांस्तेर’. या नावात ‘फालांज’ आणि मठासाठीचा फ्रेंच शब्द यांचा सांधा आहे. बारा वासनांपैकी एक ‘फुलपाखरी’, म्हणजे सतत पालट मागणारी, म्हणून कोणालाही एकच काम साधारण दोन तासांपेक्षा जास्त करावे लागू नये. उत्पन्नाची वाटणी ठरलेली: श्रमाला पाच बारांश, भांडवलाला चार, कौशल्याला तीन. खाजगी मालमत्ता तो रद्द करीत नव्हता, हे ‘समाजवादी’ हा शब्द वापरतानाही विसरू नये. घाणीची कामे कोणी करायची, या प्रश्नाला त्याचे उत्तर असे की मुलांना मुळातच चिखलात लोळायला आवडते, तर त्यांच्याच टोळ्या कराव्यात आणि त्यांना मानाचे स्थान द्यावे. समुद्राच्या पाण्याला पुढे लिंबाच्या सरबतासारखी चव येईल, असेही त्याने लिहिले, आणि टवाळखोरांनी बाकी सगळे सोडून तेवढेच धरून ठेवले. यात अतिरेक आहे, काही ठिकाणी निव्वळ विक्षिप्तपणा आहे. पण हा अतिरेक मोजमापाचा आहे.

‘युटोपिया’ हा शब्द फुरिए स्वतःही वापरीत असे, आणि तो दुसऱ्यांसाठी. अंमलात आणण्याचे साधन आणि परिणामकारक पद्धत नसलेले भल्याचे स्वप्न, अशी त्याची युटोपियाची व्याख्या होती. आपल्याजवळ पद्धत आहे अशी त्याची खात्री असल्यामुळे ही व्याख्या आपल्यालाही लागू पडेल हे त्याच्या मनातही आले नसावे. १८३१ मध्ये सॅं-सिमोंचे अनुयायी आणि ओवेन यांना भोंदू ठरवणारी पुस्तिका त्याने काढली. त्यांच्याच पंक्तीला इतिहासाने त्याला बसवले. अनुयायांनी १८३२ मध्ये कोंदे-स्युर-व्हेग्र येथे वसाहतीचा प्रयत्न सुरू केला, तो लवकरच फसला. फुरिए १८३७ मध्ये पॅरिसला वारला. पुढे अमेरिकेतील ब्रूक फार्म या सामूहिक वसाहतीने १८४४ मध्ये त्याची पद्धत स्वीकारली आणि १८४७ पर्यंत तग धरला. मात्र फ्रान्समधील गीझ येथे शेगड्यांचा कारखानदार गोदॅं याने १८५९ पासून कामगारांसाठी उभारलेला ‘फामिलिस्तेर’ हा सामूहिक निवास आणि पुढे तिथे झालेली कामगारांची भागीदारी १९६८ पर्यंत टिकली. ‘कुठेही नसलेली जागा’ हे वर्णन इथे तरी लागू पडत नाही.

आता उरलेल्या पर्यायांविषयी. ‘कल्पनारम्य’ हा शब्द मराठीत साहित्याच्या समीक्षेने आपलासा केला आहे आणि त्यात कौतुकाची छटा आहे. ‘आदर्शवादी’ म्हटले तर ध्येयवादी माणूस आणि तत्त्वज्ञानातील चिद्वाद (चैतन्य हेच मूळ सत्य मानणारे मत) या दोहोंशी गोंधळ होतो. ‘रामराज्य’ मागे होऊन गेलेल्या काळाकडे पाहते, फुरिए पुढे पाहतो. मराठीत सर्वांत जवळचा शब्द ‘मनोराज्य’ हा आहे, कारण त्यात एका कल्पित राज्याची जागाही आहे आणि ‘मनोराज्य करणे’ यातला उपहासही. त्यामुळे मार्क्स-एंगेल्स यांची टीका सांगायची असेल तिथे ‘मनोराज्यवादी’ चपखल बसेल. इतिहासाच्या तटस्थ लेखनात ‘युटोपियन’ हाच शब्द ठेवावा आणि तो कोणी दिला हे पहिल्याच उल्लेखात सांगावे.

शेवटी, त्याचे नाव मराठीत कसे लिहावे याविषयी. फ्रेंच उच्चाराला ‘फुरिए’ जवळचे आहे. विज्ञानाच्या पुस्तकांत ‘फोरियर श्रेणी’ म्हणून भेटणारा गणिती म्हणजे जोसेफ फुरिए (१७६८–१८३०). आडनाव तेच आणि काळही जवळपास तोच असल्याने पहिल्या उल्लेखात ‘शार्ल’ वगळू नये.