आधी त्यांचं म्हणणं सांग

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री साडेअकराचा मेसेज सकाळी वाचला. ‘काका, मी एकही मुद्दा चुकीचा मांडला नाही, तरी बाबा आठ दिवस झाले बोलत नाहीत.’ उत्तर द्यायला फोन घेतला, दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. अंगठ्याने लिहायची ही गोष्ट नाही, म्हणून कागद काढला. अक्षर लागलं नाही तर आईला दाखव, तिला सवय आहे.

मुद्दे चुकले नसतील, हे मी मान्यच करून टाकतो. बंगळूरची नोकरी, पगार, दादा इथे आहेच, विमानाने दोन तास. नुकतीच वकील झालेली पोरगी, तू दहा मिनिटांत त्यांना निरुत्तर केलं असशील. मला एवढंच विचारायचंय: त्या दहा मिनिटांत बाबांचं म्हणणं एकदा तरी तुझ्या तोंडून बाहेर पडलं का? खोडण्यासाठी नव्हे, नुसतं.

तुला पुराव्याचा कायदा शिकवला, वादाचा कोणी शिकवला नसेल. आपल्याकडे तो फार जुना आहे. गौतम ऋषींच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि चर्चा यांच्यावरच्या जुन्या ग्रंथात, चर्चेत माणूस कुठे कुठे हरला असं समजायचं, त्या बावीस जागा दिल्यात. त्यांना निग्रहस्थानं म्हणतात. त्यातली एक आहे अननुभाषण. समोरच्याने आपलं म्हणणं तीनदा सांगितलं, सभेला ते समजलं, आणि तरी तुला ते परत म्हणून दाखवता आलं नाही, तर तू हरलीस. तुझं उत्तर किती धारदार होतं ते कोणी बघतच नाही. याची दुसरी बाजूही त्यांनी सोडलेली नाही. तीनदा सांगूनही ना सभेला कळलं ना प्रतिपक्षाला, तर दोष सांगणाऱ्याचा. (हा नियम आमच्या बाररूमला लावला तर निम्मे लोक घरी बसतील. मीही.)

आपण मराठीत ‘वाद’ म्हणजे भांडण करून टाकलंय. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांच्या लेखी वाद म्हणजे खरं काय ते काढायला केलेली चर्चा. जिंकण्यासाठी करतात तो जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची नुसती मोडत जायची, ती वितंडा. त्या रात्री तुमच्या स्वयंपाकघरात यातलं काय झालं, ते तू ठरव.

आता आपल्याच बडोद्यातली एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. गायकवाड ओरिएंटल सिरीज या बडोदा संस्थानाच्या ग्रंथमालेत १९२६ साली ‘तत्त्वसंग्रह’ नावाचा ग्रंथ छापला गेला. आठव्या शतकातल्या शांतरक्षित या बौद्ध पंडिताचा. हा माणूस एकेक विरोधी मत घेतो, आधी ते विरोधकाच्या शब्दांत मांडतो आणि मग खोडायला लागतो. वेद प्रमाण मानणारा मीमांसक कुमारिल भट्ट हा त्याचा मोठा प्रतिपक्षी. कुमारिलाचा ‘बृहट्टीका’ हा ग्रंथ पुढे नाहीसा झाला. आज त्यातले श्लोक आपल्याला कुठे भेटतात, तर या बौद्धाच्या ग्रंथात. खोडण्याआधी त्याने ते जसेच्या तसे उतरवून घेतले म्हणून! या बौद्ध ग्रंथाची पोथी सांभाळली जैनांच्या भांडारांनी, आणि छापली गुजरातेतल्या एका मराठी राजाच्या संस्थानाने. उद्या तुझ्या बाबांचं म्हणणं दुसऱ्या कुठेच लिहिलेलं नसलं आणि फक्त तुझ्या तोंडी उरलं, तर ते किती उरेल?

परत म्हणून दाखवायचं म्हणजे पोपटपंची नव्हे, हेही मला ठेच लागूनच कळलं. मध्यस्थाचं चाळीस तासांचं प्रशिक्षण घेऊन आलो तेव्हा मी प्रत्येकाला ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं की’ लावायचो. शेवटी एका बाईंनी सुनावलं, ‘साहेब, माझं बोलणं मलाच ऐकवू नका, मी विसरलेली नाही.’ बरोबरच होतं त्यांचं. मी ऐकत नव्हतो, ऐकल्याची पावती फाडत होतो. तू नीट सांगितलंस की समोरचा नुसतं ‘हो’ म्हणून थांबत नाही, तो पुढचं बोलतो. आतापर्यंत न बोललेलं काहीतरी बाहेर काढतो.

रावपुऱ्यातल्या एका दुकानाची बावीस वर्षांची भागीदारी मोडायला आली होती. एक भागीदार मराठी, एक गुजराती. वह्या टेबलावर. गुजराती भागीदाराने एका पानावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘आ हिसाब खोटो छे.’ मराठी भागीदार खुर्ची मागे सारून उभाच राहिला. मी त्यांना म्हटलं, जाण्याआधी एवढं करा, तुम्हाला काय ऐकू आलं ते सांगा. ते म्हणाले, ‘मी पैसे खाल्ले म्हणतोय हा.’ समोरचा दचकला. ‘अरे ना ना भाई, सरवाळो खोटो छे!’ बेरीज चुकलीय. मुलाचं गणित चुकलं तरी गुजराती शाळेत ‘खोटुं’च म्हणतात, आपल्याकडे खोटं म्हणजे लबाडी. ही गोष्ट त्या मराठी भागीदारांना माहीत नव्हती असं कसं म्हणू? जन्म बडोद्यात गेलेला, घरात भाजीलाही शाक म्हणणारा माणूस. पण राग आला की कान मातृभाषेकडे पळतात. मग थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. आणि त्या गुजराती भागीदाराने खाली बघत म्हटलं, ‘तू असं समजलास, मने खोटुं लाग्युं.’ हे तिसरंच खोटुं. म्हणजे, मनाला लागलं. बेरीज पाच मिनिटांत सुटली. त्या एका वाक्याला बावीस वर्षं लागली होती.

बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ मुद्दाम उचलून त्याच्या गळ्यात मारणं, याला न्यायशास्त्रात छल म्हणतात. त्याचं नेहमीचं उदाहरण ‘नवकंबल’. कोणी म्हणालं, या मुलाकडे नव कंबल आहे, म्हणजे नवी घोंगडी. तर छल करणारा म्हणतो, नऊ कुठायत, मला तर एकच दिसतेय. त्या भागीदाराने छल केला नव्हता, त्याची चूक झाली. पण बाबा म्हणाले ‘तिथे तुझं कोण आहे?’ आणि तू म्हणालीस ‘माझे तीन मित्र आहेत तिथे’, ही चूक होती की नऊ घोंगड्या? (हे तुझ्याच मेसेजमध्ये आहे, मला बाहेरून कळलेलं नाही.)

हे सगळं जिथे दोघांनाही बसायला जागा आहे तिथलं. सगळीकडे ती नसते, आणि हे आपल्याच गावाने दाखवून दिलंय. १९१७ साली डॉ. आंबेडकर इथे नोकरीला आले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत उतरले. एका सकाळी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि त्यांनी प्रश्नांचा भडिमार केला. तू कोण, इथे का आलास, पारशी नाव घ्यायची हिंमत कशी झाली. आंबेडकर गप्प उभे राहिले. प्रश्न होते, पण उत्तर कोणालाच नको होतं. मग आसऱ्यासाठी दोन मित्रांना विचारलं. एक म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. दोघंही गोड बोलले. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास ते कमाटी बागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्या दिवशी त्यांना कोणी ‘आधी समोरच्यांचं म्हणणं समजून घ्या’ असं सांगितलं असतं, तर तो निर्लज्जपणा झाला असता. उद्या तुझ्यासमोर नवऱ्याचा मार खाल्लेली बाई बसली तर तिला ऐकण्याची थोरवी सांगू नकोस. आधी तिची खुर्ची नीट कर, दार कुणीकडे आहे ते दाखव. तुझ्या घरी तुझी खुर्ची पक्की आहे. म्हणून तुझ्याकडून मी जास्त मागतोय.

आता माझी एक चूक. दोन भावांचं घरवाटणीचं प्रकरण होतं. थोरल्याने खासगी बैठकीत मला सांगितलं की मागची खोली तो सोडायला तयार आहे, पण हे इतक्यात धाकट्याला कळू नये. नंतर एकत्र बसलो तेव्हा धाकटा म्हणाला, ‘दादा मागची खोली कधीच सोडणार नाही.’ मी काहीही बोललो नाही. नुसता किंचित हसलो. धाकट्याला समजायचं ते समजलं, आणि थोरल्याने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. पुढच्या तारखेला तो आलाच नाही. फाइल परत कोर्टात गेली.

तेव्हा बाबा परवा संध्याकाळी माझ्याकडे येऊन गेले, एवढं तुला सांगतो, कारण तुला ते कुठूनतरी कळणारच. काय बोलले ते सांगणार नाही. माझा चेहरा बघायलाही येऊ नकोस.

एक काम कर. एक पान घे आणि तू बंगळूरला का जाऊ नयेस, ते बाबांच्या बाजूने लिही, ‘मी’ म्हणून. त्यांचे शब्द वापर, तुझे वकिली नकोत. ‘पण’ एकदाही येऊ देऊ नकोस. मला दाखवायचं नाही. रविवारी सकाळी ते कमाटी बागेत फिरायला जातात आणि येताना सेव-उसळ खातात. डॉक्टरांनी मनाई केलेली आहे, आईला माहीत नाही. सोबत जा. पान खिशात राहू दे, वाचून दाखवू नकोस. तर्री जास्त घेऊ लागले तर तेवढं मात्र अडव.

तुझा,
काका
दांडिया बाजार, बडोदा