आखाजीचा चार्ट

बेटा,

फ्लोअर सुपरवायझर झालीस, पेढे पोचले. साखर डॉक्टरांनी बंद केलीय, तरी एक खाल्लाच.

किराणा-भाजीच्या मोठ्या दुकानांत माझी बावीस वर्षं गेली. आधी धुळ्यात, मग जळगावात. काम सोडणारा माणूस पगाराचं कारण सांगतो आणि ते खोटं नसतं. पण महिन्याला पाचशे कमी घेऊन शेजारच्या दुकानात गेलेलेही मी पाहिलेत. ते पगाराला नाही, साहेबाला कंटाळले होते.

पहिल्या तारखेनंतरच्या रविवारी बिलिंगच्या रांगा तांदळाच्या पोत्यांपर्यंत येतात. त्या गर्दीने अंग दुखतं, पण माणूस जेवून गाढ झोपतो. झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. रॉबर्ट कॅरासेक नावाच्या अभ्यासकाने 1979 मध्ये मांडलं होतं, की कामाचा बोजा जास्त आणि त्या कामात आपलं काहीच चालत नाही, अशी जोडी जमली की ताण सगळ्यांत वाढतो. वरिष्ठांच्या आधाराचा मुद्दा त्यात नंतर जोडला गेला. गर्दी तुला कमी करता येणार नाही. बाकी दोन्ही बऱ्याच अंशी तुझ्याच हातात.

आमच्या भाजी विभागात रावेरकडचा एक पोरगा होता. वरून हुकूम आला, केळी थंड कपाटात ठेवा, ताजी दिसतील. पोरगा म्हणाला, "काळी पडतील." केळीबागेतच वाढलेला तो, तेरा अंशांच्या खाली केळीची साल काळवंडते हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याचं कुणी ऐकलं नाही. दोन दिवसांत फण्या काळ्या पडल्या आणि नुकसान लिहिलं गेलं त्याच्याच नावावर. महिनाभराने तो गेला. ज्याच्या हातात माल आहे त्याला आधी विचार. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता माझी चूक सांगतो. रात्रीच्या हिशोबात एका काउंटरला 340 रुपये कमी आले. मी सगळ्यांसमोर त्या मुलीला म्हणालो, "पैसे गेले कुठे?" ती रडली नाही, नुसती ड्रॉवरकडे बघत उभी राहिली. सकाळी कळलं, गिऱ्हाइकाने परत केलेल्या तेलाच्या डब्याचे पैसे तिने दिले होते, पण ते बिल सिस्टिममध्ये रद्द करायचं मीच विसरलो होतो. मी तिला गोडाऊनमध्ये बोलावून माफी मागितली. ती म्हणाली, "सर, ओरडलात काउंटरवर आणि माफी गोडाऊनमध्ये?" मग काउंटरवर जाऊन सगळ्यांसमोर पुन्हा मागितली. जीभ जड झाली होती, खोटं कशाला सांगू!

कायदाही माहीत असू दे. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियमात आठवड्याची सुटी आहे, जादा तासांना दुप्पट दर आहे. रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला थांबवायचं तर तिची संमती आणि घरापर्यंत सोडायची सोय लागते. वरून दबाव आला तर हे शांतपणे सांग. स्टुलांसाठी मात्र भांडलीस तरी चालेल. दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायलाच हवी, असा कायदा तामिळनाडूने 2021 मध्ये केला. बसून बिल केल्याने गल्ला कमी होत नाही. मेच्या उन्हात पायी आलेल्या पोरीने आठ तास उभं राहावं, याला शिस्त म्हणायचं का?

कुणाचा चेहरा उतरलेला दिसला तर टार्गेट नंतर काढ. आधी नुसतं "जेवन व्हयनं का?" विचार. अहिराणीत विचारलंस तर खरं उत्तर मिळेल.

आणि ड्युटी चार्ट. आमचे एक साहेब तो शनिवारी रात्री लावायचे, सोमवारपासून लागू. कुणाचं पोर आजारी, कुणाची शेवटची एस.टी. आठला, कशाचा पत्ता नाही. तू निदान दहा दिवस आधी लाव. त्याच्याखाली एक कोरा कागद टाच. आपसात पाळी बदलायची असेल तर दोघांनी त्यावर नावं लिहायची, तू फक्त सही करायची.

आता आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, तोंडावर आहे. तुझ्याकडच्या निम्म्या बायका माहेरी जाणार, उरलेल्यांच्या घरी लेकी येणार आणि गूळ-डाळीला त्याच आठवड्यात उठाव. चार्ट करायच्या आधी एकेकीला विचारून घे. कच्चा झाला की फोटो पाठव. आणि तुझं नाव सणाच्या दिवशी सुटीत दिसलं, तर मी फोन करीन.

तुझा,
काका