आजच्या रुपयांत मोजलेली पेन्शन

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला निवृत्तीच्या बचतीचा तक्ता मी दोनदा तपासला. दरमहा 5,000 रुपये, 35 वर्षे, वार्षिक 10 टक्के परतावा आणि शेवटी सुमारे 1 कोटी 90 लाख रुपये. आकडेमोड बरोबर आहे. मात्र त्या रकमेखाली तू दोन रेघा मारून हिशेब मिटवला आहेस, तो तिथून पुढे खऱ्या अर्थाने सुरू होतो.

माझ्या वडिलांनी 1988 साली एक लाखाची विमा पॉलिसी घेतली होती. तिच्या पिवळ्या पडलेल्या कागदामागे त्यांनी पेन्सिलीने ‘घर’ एवढाच शब्द लिहिला होता, कारण आमच्या गावी तेव्हा तेवढ्यात दोन खोल्यांचे घर उभे राहत असे. 2013 साली बोनससकट पैसे हाती आले, त्यात गच्चीची गळती थांबवून न्हाणीघराची फरशी बदलता आली. त्यांनी एकही हप्ता चुकवला नव्हता, म्हणूनच ते मला फार लागले.

रिझर्व्ह बँकेचे महागाईचे लक्ष्य 4 टक्के असून त्यात 2 टक्के वर-खाली चालते. दवाखान्याचा खर्च त्याहून वेगाने वाढताना मी पाहतो, म्हणून मी 6 टक्के धरतो. या दराने आज एक रुपयाला मिळणारी वस्तू 35 वर्षांनी साडेसात रुपयांच्या पुढे जाते, आणि तुझे 1 कोटी 90 लाख आजच्या 25 लाखांएवढेच उरतात. तीच बचत पगारवाढीबरोबर दरवर्षी 6 टक्क्यांनी वाढवत नेलीस, तर साडेतीन कोटी, म्हणजे आजचे सुमारे 45 लाख जमतील. परतावा एक टक्का जास्त मिळेल या आशेपेक्षा मला हप्त्यातली ही वाढ अधिक भरवशाची वाटते, कारण ती तुझ्या हातात आहे.

आता पेन्शनकडे वळू. सगळे 1 कोटी 90 लाख 6 टक्के दराच्या ॲन्युइटीत, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन आयुष्यभर पेन्शन देणाऱ्या योजनेत, घातले, तर महिना 95,000 रुपये मिळतील, आणि हा आकडा वाचून मन सुखावते. पण आजच्या भावाने ते साडेबारा हजारांच्याही आतच भरतात, शिवाय त्यावर आयकर लागू होतो. त्याहून गंभीर बाब म्हणजे साधी ॲन्युइटी पहिल्या महिन्याला जितकी, तितकीच शेवटपर्यंत राहते. 80 व्या वर्षी तुझ्या हाती तेच 95,000 येतील, आणि तेव्हा त्यांत 60 व्या वर्षीच्या सुमारे 30,000 रुपयांएवढीच खरेदी होईल. सरकारी पेन्शनधारकांना महागाईनुसार वाढ मिळते, ती इथे नाही.

भविष्यनिर्वाह निधीबरोबर येणाऱ्या पेन्शनवरही फार विसंबू नकोस. त्या योजनेत पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात, आणि पगाराची मर्यादा 2014 पासून 15,000 रुपये आहे. 35 वर्षांची सेवा धरली तरी महिन्याला 7,500 रुपयेच होतात, आणि त्यांनाही महागाईची जोड नाही.

तक्ता नव्याने करशील तेव्हा प्रत्येक वर्षासमोर आजच्या रुपयांचा एक रकाना ठेव, आणि महागाई 5, 6 व 7 टक्के धरून तीन वेगळे हिशेब मांड. घरखर्चाचा आकडा मात्र अंदाजाने लिहू नकोस. आईकडून किराण्याची वही आणि औषधांच्या पावत्या मागून घे, आणि वर्षभराची बेरीज मला कळव.