शेपरवर पहिला कटर चढवण्याआधी

अनेक उत्तम आशीर्वाद.

शेपर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या कटरने लाकडाच्या कडा घडवणारं यंत्र, येऊन आठवडा झाला, टेबल पुसून झालं, पण कटर चढवायला हात धजत नाही, असं तू लिहिलं आहेस. हात धजत नाही तेच बरं आहे. घाई नको.

तुला राऊटरची, म्हणजे याच कामाच्या छोट्या यंत्राची, सवय आहे, आणि अडचण तिथेच आहे. राऊटरला घास जास्त झाला की तो कुरकुरतो, फेरे मंदावतात, तुला कळतं. तीन हॉर्सपॉवरचा शेपर कुरकुरत नाही. लाकूड चुकीचं धरलेलं असलं तर तो ते हिसकावून घेतो आणि हात लाकडामागे जातो. म्हणून प्रत्येक सेटिंग झालं की मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: या क्षणी लाकूड हातातून नाहीसं झालं, तर हात कुठे पडेल? उत्तर ‘कटरवर’ आलं, तर सेटिंग मोडायचं आणि पुन्हा लावायचं. मग ते लावायला अर्धा दिवस गेलेला असला तरी.

आधी प्लग काढ. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्पिंडल (कटर फिरवणारा उभा दांडा), कॉलर (कटरच्या वर-खाली येणाऱ्या कड्या), कटरचं भोक, सगळं कापडाने पूस. दोन कॉलरांच्या मधे भुशाचा कण अडकला तरी कटर तिरका बसतो आणि यंत्र थरथरतं. भोकाचं माप तपासून घे. ३० मिलिमीटर भोकाचा कटर सव्वा इंची स्पिंडलवर चढतच नाही, त्यामुळे तिथे धोका नाही. उलटं मात्र घडू शकतं: सव्वा इंच म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, असा कटर ३० च्या स्पिंडलवर आरामात चढतो आणि पावणेदोन मिलिमीटर ढिला राहतो. योग्य बुश, म्हणजे ती फट भरणारी नळी, नसेल तर तो कटर बाजूला ठेव. टेप गुंडाळून भोक भरणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या शेजारी उभं राहू नये.

नटाखाली जिभेचा वॉशर येतो, त्याची जीभ स्पिंडलच्या खाचेत बसते. कटरचा झटका नटापर्यंत पोचू नये म्हणून तो असतो. दिसायला क्षुल्लक, म्हणून हरवतो. तो सापडेपर्यंत काम बंद.

आता दिशा. बहुतेक शेपरवर स्पिंडल वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं आणि लाकूड उजवीकडून डावीकडे जातं, म्हणजे पात्याच्या धारेला सामोरं. फिरण्याच्या दिशेनेच लाकूड सारलंस तर कटर ते चाकासारखा पुढे ओढून नेतो. हाताने हे कधीच करू नकोस. कटर उलटा करून बसवलास तर दिशेचा स्विच बदलावा लागतो आणि लाकूडही डावीकडून घालावं लागतं. या तीन गोष्टी एकत्र बदलायच्या असतात, आणि विसरली जाते ती तिसरी. कटर शक्यतो लाकडाच्या खाली राहील असा बसव. वर लाकडाचं झाकण राहतं, आणि चुकून लाकूड उचललं गेलं तर काप कमी होतो, इतकंच. पुन्हा एकदा फिरवता येतं. कटर वर असेल तर उचललेलं लाकूड त्याच्यात घुसतं.

वेगाची गंमत बघ. १२५ मिलिमीटरचा पॅनेलचा (दारात बसणाऱ्या फळीच्या कडा उतरवणारा) कटर मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर असला की त्याची धार सेकंदाला सुमारे ४६ मीटर पळते. तोच १०,००० वर नेलास तर ६५ मीटर, आणि पाती बाहेर फेकू पाहणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढत असल्यामुळे दुप्पट होतो. कटरवर कमाल फेरे कोरलेले असतात, ते वाच. कोरलेले नसतील तर तो कटर वापरूच नकोस. जुन्या पद्धतीच्या, दोन खाचेच्या कॉलरांत नुसत्या चिमटून धरलेल्या सुट्या पात्या कुणी प्रेमाने देऊ केल्या तर घे आणि भिंतीवर शोभेला टांग. एक पातं केसभर पुढे राहिलं तर सगळा भार त्याच्यावर येतो, आणि त्याला धरून ठेवायला घर्षणाशिवाय काहीही नसतं.

फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या उभ्या आधाराला, मात्र वेळ दे. तिचे दोन भाग असतात. कडेचा थोडा भाग तसाच राहणार असेल, तर दोन्ही भाग एका रेषेत हवेत. लांब सरळ पट्टी लावून बघ. पूर्ण कड कापली जाणार असेल तर लाकूड बाहेर पडतं तिकडचा भाग जितकं लाकूड निघेल तितकाच पुढे घ्यायचा, नाहीतर कापलेली कड अधांतरी राहते आणि शेवटच्या इंचाला कटर जास्त खातो. दोघांमधलं तोंड जेमतेम कटर फिरण्याइतकं ठेव. मी तर पुढे प्लायची एक पट्टी जोडतो आणि कटरलाच त्यातून आपल्या मापाची वाट काढू देतो. मग लाकडाचं टोक खड्ड्यात पडायला जागाच राहत नाही.

कटर आणि फेन्स यांच्या मधून पट्टी कधीही घालू नकोस. मी घातली होती. सगळ्या पट्ट्या एकाच रुंदीच्या हव्या होत्या, आणि युक्ती फार हुशारीची वाटली होती. पाचवी पट्टी हातातून सुटली आणि भिंतीला टेकवलेल्या प्लायमधून आरपार गेली. मापपट्टी घ्यायला मी नेमका एक पाऊल बाजूला सरकलो होतो. त्या प्लायचा तुकडा अजून ठेवलाय.

उंची लावताना स्पिंडल आधी थोडं खाली उतरव आणि मग वर आणून थांब, म्हणजे स्क्रूची ढिलाई निघून जाते. मग लॉक कर. हे विसरलं की माप कामाच्या मधेच बदलतं. त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर चाचणी घे. जमलेला तुकडा फेकू नकोस. त्याच्यावर पेन्सिलीने उंची, फेरे आणि कॉलरांचा क्रम लिहून खिळ्याला अडकव. पुढच्या वेळी तोच तुकडा कटरला भिडवून सेटिंग लागतं.

मग हाताने स्पिंडल पूर्ण एक फेरा फिरव. कुठे घासत नाही ना, पाना टेबलावर राहिला नाही ना, ते बघ. प्लग लाव, बाजूला उभं राहून क्षणभर चालू कर, बंद कर, आणि थांबेपर्यंत ऐक. हातमोजे नकोत, बाही वर.

पॅनेलच्या चार बाजूंत आधी टोकाच्या, म्हणजे रेषांना आडव्या, नंतर लांबीच्या. आडव्या कापात शेवटी ढलपी उडतेच, ती पुढच्या कापात निघून जाते. काप एकदम पूर्ण न घेता लाकूड दोन-तीनदा सारून घे. ३०० मिलिमीटरपेक्षा आखूड तुकडा हाताने चालवू नकोस. रुंद फळीवर आकार काढ आणि नंतर कापून घे. वळणदार कामाबद्दल विचारलं होतंस. बेअरिंग (लाकूड टेकायचं फिरतं कडं) आणि आधाराची खुंटी लावून ते होतं, पण फेन्स नसते, म्हणून निदान सहा महिने थांब.

पैसे जमले तर नवे कटर घेण्याआधी पॉवर फीडर, म्हणजे लाकूड चाकांनी आपोआप पुढे सारणारं यंत्र, घे. त्याची चाकं लाकडाच्या जाडीपेक्षा तीनेक मिलिमीटर खाली आणि फेन्सकडे किंचित तिरकी ठेवली की लाकूड तोच दाबून धरतो, सारखा चालवतो, आणि तुझे हात दूर राहतात. माझ्या त्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

पहिलं सेटिंग लागलं की प्लग न लावता दोन फोटो पाठव, एक वरून आणि एक लाकूड घालायच्या बाजूने, फेन्ससकट. बघून लगेच कळवतो.