व्हीएफएलच्या राखीव सामन्यात कोण चांगलं खेळलं, हे कसं ओळखायचं?

तुमच्या प्रश्नात ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, म्हणजे इथल्या भाषेत फुटीचे, दोन खेळाडू आहेत. एक मिडफिल्डर, ३१ डिस्पोजल (म्हणजे ३१ वेळा चेंडू पुढे दिला), आणि तुमच्या ऑफिसातल्या मित्रांच्या मते सामन्यातला सर्वोत्तम. दुसरा बॅकमध्ये, म्हणजे बचावात, खेळलेला एकोणीस वर्षांचा पोरगा, ९ डिस्पोजल, आणि कुंपणाला टेकून पाहताना तुम्हाला तोच जास्त आवडला. तुम्ही विचारलंय, माझी नजर चुकली का?

चुकली असं मला वाटत नाही. का, ते सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. मला मेलबर्नला येऊन बारा वर्षं झाली. गेली आठ-नऊ वर्षं हिवाळ्यातले बहुतेक शनिवार मी व्हीएफएलच्या कुठल्या ना कुठल्या मैदानावर असतो, बॉक्स हिल, कोबर्ग नाहीतर विल्यमस्टाउन. सोबत दोनशे पानी वही आणि पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की पावसात पेनाची शाई पसरते.

आधी मैदानावर कोण कोण असतं ते बघा. व्हीएफएल ही मूळची व्हिक्टोरियाची राज्य लीग. एएफएल ही देशातली सर्वोच्च लीग; तिच्या क्लबांची वेगळी राखीव स्पर्धा १९९९ नंतर बंद झाली आणि २००० पासून ते खेळाडू इथे खेळू लागले. आज कॉलिंगवुड, कार्लटन, रिचमंड यांचे स्वतःचे राखीव संघ आहेत, हॉथॉर्नची मुलं बॉक्स हिलकडून उतरतात, मेलबर्नची केसीकडून. शिवाय विल्यमस्टाउन, वेरिबी, पोर्ट मेलबर्न यांसारखे स्वतंत्र बाण्याचे जुने क्लब आहेतच. म्हणजे एकाच सामन्यात चार तऱ्हेची माणसं एकमेकांना भिडतात. दुखापतीतून उठलेला अनुभवी एएफएल खेळाडू असतो, त्याला डॉक्टरांनी दोनच क्वार्टर खेळायची परवानगी दिलेली असते. नुकताच ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतून, आलेला पोरगा असतो. करार संपत आलेला, वरच्या संघाच्या उंबऱ्यावर दोन वर्षं ताटकळलेला एखादा असतो. आणि चौथा दिवसभर शाळेत शिकवून किंवा प्लंबिंगची कामं उरकून संध्याकाळी सरावाला येणारा. या चौघांना एकाच काट्यावर तोलायला गेलात की हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो. अनुभवी खेळाडू हाफटाइमनंतर ट्रॅकसूट घालून बाकावर बसला, तर तो वाईट खेळला असं नाही. ठरलंच तसं होतं. आणि त्या शिक्षकाने एका पूर्णवेळ व्यावसायिक खेळाडूला चार क्वार्टर बांधून ठेवलं असेल, तर माझ्या वहीत त्याचं नाव सगळ्यात वर जातं, आकडेवारीच्या ॲपवर आकडा काहीही असो.

आता त्या ३१ बद्दल. डिस्पोजल म्हणजे किक अधिक हँडबॉल (मुठीने मारून दिलेला पास), बस्स. चेंडू किती वेळा हातातून किंवा पायातून सुटला एवढंच तो आकडा सांगतो. चेंडू मिळवायला काय करावं लागलं आणि तो सुटल्यावर कुठे गेला, यातलं काहीही त्यात नाही. फॅन्टसीचे, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या काल्पनिक संघांच्या खेळातले, गुण पाहिलेत तर हे आणखी ठळक दिसतं. किकला ३, हँडबॉलला २, मार्कला (किकच्या झेलाला) ३, टॅकलला (चेंडूवाल्याला धरून अडवण्याला) ४, गोलला ६. कुणी अंगावर नसताना वीस मीटर आडवी, मोकळ्या जोडीदाराला मारलेली किक ३ गुणांची. आणि तिघांच्या गराड्यातून निसटून पन्नास मीटरवर धावत्या फॉरवर्डच्या छातीवर टाकलेली किकही ३ गुणांचीच. मूठ मारून प्रतिस्पर्ध्याचा झेल मोडला, म्हणजे स्पॉइल केला, तर शून्य. तुमचा पोरगा बॅकमध्ये होता ना? त्याच्या कामाचा मोठा हिस्सा त्या शून्यातच जमा झाला असणार.

आकडे पूर्ण सोडून द्या असं मी म्हणत नाही. मी स्वतः तीन पाहतो: चुरशीत जिंकलेले चेंडू, टॅकल आणि गमावलेले चेंडू. मिडफिल्डरच्या ३१ पैकी सात-आठच चुरशीत मिळवलेले असतील, तर बाकीचे त्याला कुणीतरी आणून दिलेत. तो आणून देणारा कोण, ते शोधा. बहुतेक वेळा तो खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली सापडतो, गुडघ्याला माती लागलेला. आणि ते ३१ कधी आले तेही बघा. सामना साठ गुणांनी निकालात निघाल्यावर, समोरचे दमून चालायला लागल्यावर चौथ्या क्वार्टरमध्ये मिळालेले डझनभर चेंडू मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहितो.

माझी खरी पद्धत साधी आहे: एका क्वार्टरला एकच खेळाडू. चेंडू कुठेही जाऊ दे, नजर त्याच्यावरून हलवायची नाही. पहिले काही शनिवार हे फार जड जातं, कारण अख्खं मैदान एकीकडे ओरडत असतं आणि आपण दुसरीकडे पाहत असतो. पण फुटीच्या मैदानाची लांबी १३५ ते १८५ मीटर असते, मैदानावर एका बाजूचे १८ जण असतात, आणि कुणाच्याही खेळातला बहुतेक वेळ चेंडूशिवाय जातो. माणूस कळतो तो तिथेच.

विल्यमस्टाउनला पॉइंट गेलिब्रँडवर एका शनिवारी मी असाच एक फुलबॅक, म्हणजे गोलपाशी खेळणारा शेवटचा बचावपटू, नजरेत धरला होता. मैदान अगदी समुद्राच्या काठावर, वारा असा की ध्वज ताणून उभे राहिलेले. पहिल्या क्वार्टरमध्ये वारा प्रतिस्पर्ध्यांच्या पाठीशी होता. समोर त्याच्याहून वजनाने निदान पंधरा किलो जास्त असलेला, एएफएल खेळून आलेला फॉरवर्ड. किक सुटली की हा पोरगा डावा कोपर त्याच्या कमरेला टेकवायचा, ढकलायचा नाही, नुसता टेकवून ठेवायचा, म्हणजे चेंडूकडे पाहतानाही माणूस कुठे आहे ते अंगाला कळत राहतं. मग दोन पावलं बाजूने घेऊन उडी, आणि मूठ. चार वेळा चेंडू आला, तीन वेळा त्याने तो उडवला, आणि तिन्ही वेळा सीमारेषेच्या दिशेने. हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. घाबरलेला बॅक समोर मूठ मारतो, चेंडू गोलच्या तोंडाशी पडतो आणि बुटका फॉरवर्ड तो उचलून गोल करतो. चौथ्या वेळी त्याला मोह झाला, मार्क घ्यायला गेला, हातातून निसटला, गोल झाला. गोलनंतर तो काय करतो याकडे माझं लक्ष होतं. त्याने हात वर करून आपली चूक कबूल केली आणि लगेच हाफबॅकला, म्हणजे त्याच्या पुढे खेळणाऱ्या बचावपटूला, ओरडून दोन पावलं आत घेतलं. पुढची किक त्याच जागी आली आणि त्या हाफबॅकने ती छातीवर घेतली. मार्क हाफबॅकच्या नावावर लागला. ॲपवर या पोराच्या नावापुढे त्या क्वार्टरचं एक डिस्पोजल होतं.

क्वार्टर संपल्यावर मी मैदानात गेलो. उपनगरातल्या व्हीएफएल मैदानांवर ही सोय सोन्यासारखी आहे: मधल्या विश्रांतीत प्रेक्षकांना आत सोडतात आणि संघाच्या रिंगणापासून चार हातांवर उभं राहून कोचचं बोलणं ऐकता येतं. कोचच्या हातात लोहचुंबकांचा पांढरा फळा असतो, त्यावर कोण कुठे ते लावलेलं. त्या दिवशी कोचने पोराला गोलबद्दल एक शब्द विचारला नाही. आता वारा त्यांच्या तोंडावर येणार, किक आखूड पडणार, तेव्हा फॉरवर्डच्या मागे न राहता पुढे उभा राहा, एवढंच सांगितलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पोरगा पहिल्या किकपासून पुढे उभा होता आणि त्याने दोन स्वच्छ मार्क घेतले. सांगितलेलं काम दहा मिनिटांच्या आत अंगात उतरवणं, हे निवड करणाऱ्यांना किती मोलाचं वाटत असेल, याची कल्पना करा. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा रिंगणाजवळ नक्की जा. खेळाडूला काय काम दिलं होतं हेच माहीत नसेल, तर ते त्याने केलं की नाही हे आपण कशावरून ठरवणार? राखीव सामन्यात तर हे फारच लागू पडतं, कारण इथे फॉरवर्डला मुद्दाम बॅकमध्ये खेळवतात, विंगवाल्याला मधे टाकतात. शिकण्यासाठी टाकलेल्या जागी तो चाचपडताना दिसला, तर ती सुरुवात आहे.

वाऱ्यावरून आठवलं. मुंबईत क्रिकेट पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळेल. कांगा लीगमध्ये पावसात भिजलेल्या विकेटवर काढलेल्या ३० धावांना जाणकार काय मान देतात? विल्यमस्टाउनच्या वाऱ्याविरुद्ध नीट पोहोचवलेल्या किकला मी तसाच मान देतो. वारा कोणत्या क्वार्टरला कुठून होता ते वहीच्या पानावर सगळ्यात वर लिहा, मगच नावं लिहा.

रकमनसाठी, म्हणजे खेळ सुरू होताना उडी मारून चेंडू आपल्यांकडे ढकलणाऱ्या उंच खेळाडूसाठी, एकच गोष्ट: नुसता हिटआउट (असा ढकललेला चेंडू) मोजू नका, चेंडू आपल्या माणसाच्या हातात पडला का ते बघा. फॉरवर्डसाठी गोल दिसतातच, पण चेंडू हातून गेल्यावर तो थांबतो की उलट फिरून बॅकच्या मागे धावतो, तेही पाहा. एकही गोल नसलेला पण प्रतिस्पर्ध्याच्या बॅकला दिवसभर श्वास घेऊ न देणारा छोटा फॉरवर्ड मला तीन गोलवाल्यापेक्षा बरेचदा जास्त पटतो.

शेवटी सगळ्यात अवघड भाग: हा खेळ वरच्या पातळीवर टिकेल का? एएफएलमध्ये तोच चेंडू मिळतो, पण वेळ कमी मिळतो. म्हणून मी खेळाडूची मान पाहतो. चेंडू हातात येण्याआधी त्याने डावी-उजवीकडे पाहून घेतलं असेल, तर निर्णय आधीच झालेला असतो आणि तो वर जाऊनही होईल. चेंडू घेऊन, थांबून, मग वर पाहणाऱ्याला व्हीएफएलमध्ये ३१ डिस्पोजल मिळू शकतात. वरच्या संघात त्याच क्षणी त्याला टॅकल पडतो. तुमच्या मिडफिल्डरबद्दल मला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यायचं आहे.

हॉथॉर्नचा मिडफिल्डर सॅम मिचेल याचं उदाहरण यासाठी मी नेहमी देतो. २००१ च्या ड्राफ्टमध्ये तो ३६ वा निवडला गेला. धावायला वेगवान नव्हता, आणि २००२ मध्ये बॉक्स हिलकडून बराच खेळला. त्याच वर्षी त्याने लिस्टन ट्रॉफी जिंकली, म्हणजे व्हीएफएलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्याच वर्षी एएफएलचा रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडू. पाय तेच होते. पण दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने किक मारायचा आणि गर्दीत चेंडू येण्याआधीच त्याला पुढची जागा दिसायची. पातळी बदलली तरी हे गुण झिजले नाहीत.

आणि मार्लियन पिकेट. वयाच्या २७ व्या वर्षी, २०१९ च्या मिड-सीझन (हंगामाच्या मध्यावरच्या) ड्राफ्टमधून तो रिचमंडकडे आला आणि राखीव संघात खेळत राहिला. व्हीएफएलच्या अंतिम सामन्यात विल्यमस्टाउनविरुद्ध तो सर्वोत्तम ठरला, नॉर्म गॉस पदक त्याला मिळालं. सहा दिवसांनी, २८ सप्टेंबरला, एमसीजीवर (मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर) एएफएलच्या अंतिम सामन्यात त्याचं पदार्पण. अंतिम सामन्यात पदार्पण करणारा १९५२ नंतरचा तो पहिलाच. पहिल्याच क्वार्टरमध्ये अंगावर आलेल्या खेळाडूला त्याने गिरकी घेऊन मागे टाकलं, अख्खं स्टेडियम उभं राहिलं. २२ डिस्पोजल, एक गोल, रिचमंड ८९ गुणांनी विजयी. त्या एका आठवड्यात कुणी त्याला नव्याने काही शिकवलं नव्हतं. निवड करणाऱ्यांनी राखीव सामन्यांत जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवला, इतकंच.

तर तुमच्या त्या पोराकडे परत येऊ. व्हीएफएलच्या सामन्यांचं चित्रीकरण बहुतेक वेळा उपलब्ध असतं. तो सामना पुन्हा लावा आणि ही माहिती काढा: त्याच्यासमोर कोण होता आणि त्या माणसाने किती गोल केले? चेंडू उडवताना त्याने कुठल्या बाजूला उडवला? चूक झाल्यावर पुढच्या दोन मिनिटांत त्याने काय केलं? इतरांना तो हात दाखवून जागा देत होता का? एक अडचण येईल. कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, त्यामुळे बॅकमधला खेळाडू निम्म्या वेळा चौकटीबाहेर असतो. म्हणून त्याच्या पुढच्या घरच्या सामन्याला गोलच्या मागे, त्याच्या टोकाला जाऊन उभे राहा आणि पहिला अख्खा क्वार्टर त्याला द्या. दुसऱ्या क्वार्टरला तो पलीकडच्या टोकाला जाईल, तेव्हा तुम्हीही कुंपणाच्या कडेने चालत पलीकडे जा. अर्ध्या वाटेवर सॉस घातलेला गरम मीट पाय, म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री, मिळतो. हात गरम राहतात आणि पेन्सिल नीट धरता येते.